स्कॉट्समधलं 'अन् ऑ' : एकच शब्द, डझनभर स्पेलिंगं, आणि वाक्यात बसवायचं कुठे?

काजवा

स्कॉटलंडमधल्या स्कॉट्स भाषेतल्या काही छोट्या कथांचा मराठी अनुवाद चालू आहे. एक क्रियाविशेषण पानोपानी येतं आणि दर लेखकागणिक त्याचा पोशाख बदलतो. उच्चार साधारण 'अन् ऑ', अर्थ 'पण, सुद्धा'. मुळात इंग्रजी 'अँड ऑल'चा भाऊ.

आधी सोयीसाठी एक ठरवू या. स्कॉट्स वाक्यं देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहायची आणि स्पेलिंग अक्षरांच्या नावांनी सांगायचं. शब्दाचा पहिला भाग, म्हणजे 'आणि', बहुतेक ठिकाणी ए-एन असा आहे. दुसरा भाग मला आतापर्यंत चार तऱ्हांनी दिसला: ए-डब्ल्यू, ए-ए, ए आणि पुढे अ‍ॅपॉस्ट्रॉफी, आणि नुसता ए. काही जण दोन्ही भाग जोडून एकच शब्द करतात.

प्रश्न तीन:
१. हे सगळे एकच शब्द आहेत की अर्थात काही फरक आहे?
२. यातलं 'बरोबर' कोणतं?
३. मराठीत दर वेळी 'सुद्धा' लिहिलं तर चालेल का? काही वाक्यांत ते अगदीच विचित्र वाटतंय.

उंबरठा

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. शब्द एकच. फरक आहे तो प्रदेशाचा आणि काळाचा.

स्कॉट्समध्ये साधारण पंधराव्या शतकात 'अ'नंतरचा 'ल' विरघळला. 'ऑल'चं 'ऑ' झालं, 'बॉल'चं 'बॉ', 'कॉल'चं 'कॉ', 'फॉल'चं 'फॉ', 'वॉल'चं 'वॉ', 'स्मॉल'चं 'स्मॉ'. फुटबॉल म्हणजे 'फिटबॉ'. 'ल' गेल्यावर उरलेला स्वर मध्य आणि दक्षिण भागात (ग्लासगो, एडिनबरा) ओठ गोल करून 'ऑ' असा येतो. ईशान्येत, म्हणजे अ‍ॅबर्डीनकडच्या डोरिक बोलीत, तो ओठ न वळवता लांब 'आ' होतो. म्हणून:

ग्लासगो: शीज् कमिन अन् ऑ.
अ‍ॅबर्डीन: शीज् कमिन अन् आ.

दोन्हींचा अर्थ 'तीपण येतेय'. पहिला माणूस ए-डब्ल्यू लिहितो, दुसरा ए-ए. उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरही ए-ए दिसतं. म्हणजे लेखक कुठला आहे हे कळलं की निम्मा गोंधळ मिटतो. निम्माच, कारण ए-ए लिहिणारा प्रत्येक जण ईशान्येचा नसतो. त्याचं कारण पुढे कोणी लिहिलं नाही तर मी लिहीन.

टिंबटिंब

मी लिहितो. १९४७ साली एडिनबऱ्यात काही कवींनी एकत्र बसून स्कॉट्ससाठी एक छोटी लेखन-नियमावली ठरवली. तिला 'स्कॉट्स स्टाइल शीट' म्हणतात. तिच्यात या स्वरासाठी जुन्या अ‍ॅपॉस्ट्रॉफीवाल्या आणि ए-डब्ल्यूवाल्या रूपांऐवजी दोन ए लिहावेत असं होतं. त्यामुळे १९४७ नंतरच्या साहित्यिक लेखनात दक्षिणेकडचा, तोंडाने चक्क 'ऑ' म्हणणारा लेखकही ए-ए लिहिताना दिसतो. तिथे दोन ए म्हणजे उच्चार नाही, पंथ आहे.

ओळखायची खूण: लेखक 'काय'साठी 'फिट' लिहितोय का 'व्हॉट' किंवा 'व्हिट'? डोरिकमध्ये 'व्ह'चा 'फ' होतो. 'कोण'ला 'फा', 'काय'ला 'फिट', 'कुठे'ला 'फार'. 'फ'ही आहे आणि ए-एही आहे, तर माणूस ईशान्येचा. 'फ' नाही आणि तरी ए-ए, तर बहुधा १९४७च्या पंथाचा.

गडबडगुंडा

अ‍ॅपॉस्ट्रॉफीवाल्यांना विसरू नका. छापील साहित्यात सगळ्यात जास्त त्यांचंच राज्य होतं.

अठराव्या शतकात अ‍ॅलन रॅम्से आणि नंतर रॉबर्ट बर्न्स या कवींच्या काळात स्कॉट्स छापलं जायचं ते इंग्रजी वाचकांवरही एक डोळा ठेवून. मग 'ऑल'मधले दोन एल उडाले, त्यांच्या जागी अ‍ॅपॉस्ट्रॉफी ठेवा म्हणजे इंग्रजी वाचकाला कळेल, असा हिशेब. १७९५च्या बर्न्सच्या ज्या गाण्याची 'फॉर ऑ दॅट' ही ओळ १९९९ साली स्कॉटिश पार्लमेंटच्या उद्घाटनाला गायली गेली, तिच्यातही 'ऑ' अ‍ॅपॉस्ट्रॉफीसकटच छापलेला असतो.

आजचे स्कॉट्स लेखक याला 'माफी मागणारी अ‍ॅपॉस्ट्रॉफी' म्हणतात. शब्दात काही राहून गेलंय अशी कबुली तिच्यात आहे, आणि राहून काहीच गेलेलं नाही. म्हणून गेल्या काही दशकांत जाणते लोक ती टाळतात.

खारूताई

म्हणजे आपल्या जुन्या 'नांव', 'कांही', 'पांच'मधल्या अनुस्वारासारखंच की! उच्चार नाही, फक्त डोक्यावर टिंब. १९६२च्या महामंडळाच्या नियमांनी ते पुसलं.

टिंबटिंब

खारूताई, तुलना छान आहे, पण एक फरक आहे. आपला अनुस्वार आपल्याच जुन्या उच्चाराची खूण होता, तो लिहिण्याची परंपराही आपलीच. स्कॉट्समध्ये 'ल' गेला पंधराव्या शतकात आणि अ‍ॅपॉस्ट्रॉफी आली अठराव्यात. मधली तीनशे वर्षं लोक तिच्याशिवाय लिहीतच होते. ती त्यांच्या जुन्या शब्दाची आठवण नाही, शेजारच्या भाषेची आहे.

आणि 'ल' गेल्याची गंमत उलटीही झाली. 'ल' लिहायचा पण बोलायचा नाही अशी सवय लागल्यावर लेखनिकांनी जिथे तो कधीच नव्हता तिथेही घुसवला. फॉल्कर्क हे शहर मुळात 'फॉ कर्क', म्हणजे ठिपकेदार दगडांचं चर्च. त्यात 'ल'चा संबंध नाही. कर्कॉडीच्या स्पेलिंगमध्ये आजही एल आहे, पण तो उच्चारणारा माणूस गावाबाहेरचा हे लगेच कळतं.

काजवा

भारी! म्हणजे पहिला प्रश्न सुटला. आता दुसरा: बरोबर कोणतं?

उंबरठा

'बरोबर' असं काही नाही. स्कॉट्सला सर्वमान्य प्रमाणलेखन नाही. २०२५च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये गेलिक या तिथल्या दुसऱ्या भाषेबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा मिळाला, पण शुद्धलेखन त्याने ठरवून दिलेलं नाही. आपल्यासारखे क्रमांक घातलेले नियम तिथे शोधू नका.

पण 'काहीही चालेल' असंही नाही. कसोटी सुसंगतीची. ए-डब्ल्यू घेतलं तर सगळी मालिका तशीच: ऑ, कॉ, बॉ, फॉ, वॉ, स्मॉ सगळ्यांच्या शेवटी ए-डब्ल्यू. ए-ए घेतलं तर सगळीकडे ए-ए. 'ऑ'ला ए-डब्ल्यू आणि त्याच पानावर 'बॉ'ला ए-ए, हे अडाण्याचं लक्षण. अपवाद लक्षात ठेवा: 'अवॉ' (दूर) आणि 'अव्हॉ' (अजिबात) हे दोन-ए वालेही शेवटी एकाच ए-ने लिहितात, १९४७च्या शीटमध्येही तसंच आहे.

हा 'अव्हॉ' आपल्या शब्दाचा सख्खा भाऊ बरं का. 'ऑफ ऑ'चं झालेलं. 'ने सिलर अव्हॉ' म्हणजे दमडीसुद्धा नाही. तोही वाक्याच्या शेवटीच बसतो.

गडबडगुंडा

जोडून लिहिलेली रूपं (ए-एन-ए-डब्ल्यू, कधी ए-एन-ए) मुख्यतः ग्लासगोकडच्या आधुनिक लेखनात. तिथे कानाला जसं येतं तसं कागदावर उतरवायची पद्धत आहे. यात एक सापळा आहे. भरभर बोलताना पहिला 'अ' गळतो आणि उरतं 'नॉ'. आणि ग्लासगोत 'नाही' यालाही 'नॉ' म्हणतात! 'मी अन् ऑ' (मीपण) घाईत 'मी नॉ' ऐकू येतं. ऑडिओवरून उतरवून घेत असाल तर 'मीपण'चं 'मी? नाही' होऊन बसेल. पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय ठरवू नका.

खारूताई

कॉर्पसमध्ये, म्हणजे भाषेच्या नमुन्यांच्या संग्रहात, शोधणाऱ्यांसाठी थोडं. ग्लासगो विद्यापीठाचा स्कॉट्स कॉर्पस ऑनलाइन आहे, ४० लाखांहून जास्त शब्द, त्यात बोललेली सामग्रीही आहे. तिथे किंवा स्वतःच्या फाइलींत हा शब्द शोधताना:

पहिल्या भागाची तीन रूपं धरा: ए-एन, ए-एन-अ‍ॅपॉस्ट्रॉफी, ए-एन-डी. दुसऱ्याची तीन: ए-डब्ल्यू, ए-ए, ए-अ‍ॅपॉस्ट्रॉफी. झाली नऊ. त्यात जोडलेली दोन, आणि 'अ' गळालेलं एन-ए-डब्ल्यू एक. एकूण बारा. नुसता ए असलेलं रूप मुद्दाम सोडा. ते शोधलं की 'अँड अ' असलेली प्रत्येक ओळ अंगावर येते, 'आणि एक घर', 'आणि एक कुत्रा', सगळं. ती रूपं हातानेच वेचावी लागतात.

अ‍ॅपॉस्ट्रॉफी दोन प्रकारची असते, सरळ आणि वाकडी. संगणकाला ती दोन वेगळी चिन्हं. दोन्ही घाला. जुनं पुस्तक स्कॅन करून अक्षरओळख केली असेल तर तिचं अवतरणचिन्ह झालेलं असतं किंवा ती उडालेलीच असते.

आणि 'पूर्ण शब्द' हा पर्याय चालू केल्याशिवाय शोध दाबू नका. नाहीतर 'अन् ऑफू' (एक भयंकर...) हे सगळे उगाच सापडतात, कारण 'ऑफू'ची सुरुवातही ए-डब्ल्यूनेच. पूर्ण शब्द ठेवूनही एक भेसळ उरते: 'अन् ऑ द वेन्स', म्हणजे 'आणि सगळी पोरं'. इथे 'ऑ' पुढच्या नामाचं विशेषण आहे, आपलं क्रियाविशेषण नाही. चाळणी सोपी: लगेच पुढे 'द', 'दॅट', 'हिज' असं काही आलं तर बाजूला काढा, पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह आलं तर बहुतेक वेळा आपलंच.

काजवा

'लगेच पुढे विराम असेल तर आपलं' म्हणजे ते नेहमी शेवटीच येतं?

उंबरठा

हो, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. स्पेलिंगमध्ये चुकलात तर लोक फार तर हसतील. जागा चुकली तर भाषा येत नाही हे उघड होतं.

इंग्रजी 'ऑल्सो' क्रियापदाच्या आधी बसतो. 'अन् ऑ' तिथे बसत नाही. वाक्यखंड संपला की मग तो.

('...असंही म्हणतात' हे सांगायचंय. 'केंट' म्हणजे माहीत असलेलं.)
चूक: इट्स अन् ऑ केंट अ‍ॅज...
बरोबर: इट्स केंट अ‍ॅज... अन् ऑ.

वाक्याच्या सुरुवातीलाही नाही. 'शिवाय,' अशी सुरुवात करायची तर 'फॉरबाय' घ्या. तो सुरुवातीलाही शोभतो, शेवटीही, आणि आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टरमधल्या स्कॉट्समध्ये तर रोजचा आहे.

वरची चूक कल्पनेतली नाही. २०२० साली स्कॉट्स विकिपीडियाचं प्रकरण गाजलं होतं. हजारो लेख भाषा न येणाऱ्या माणसाने इंग्रजी वाक्यात शब्दाला शब्द ठेवून तयार केले होते, आणि 'ऑल्सो'च्या जागी नेमका हा शब्द बसवलेली वाक्यं तिथे ढिगाने होती. कोशात 'ऑल्सो' शोधलं, उत्तर मिळालं, तिथेच चिकटवलं. कोश चुकीचा नव्हता. त्याने अर्थ सांगितला, जागा सांगितली नाही.

शेवग्याची शेंग

मराठी माणसाला खरं तर हे सोपं जायला हवं. आपणही 'पण, ही, सुद्धा, देखील' मागूनच लावतो.

टिंबटिंब

मागून लावतो, पण शब्दाच्या मागून. ते लावतात वाक्याच्या मागून. अनुवादात घोळ होतो तो इथेच.

'शीज् ब्रॉख्त द डग अन् ऑ.' हे एकच वाक्य घ्या. मराठीत याची तीन वाक्यं होतात:

तिनेपण कुत्रा आणलाय. (इतरांनी आणले, तिनेही)
तिने कुत्रापण आणलाय. (बाकी सामान होतंच, वर कुत्रा)
तिने कुत्रा आणलायसुद्धा. (नुसतं म्हणत नव्हती, आणून मोकळी)

स्कॉट्समध्ये 'अन् ऑ' जागचा हलत नाही. बोलणारा 'शी'वर जोर देतो, 'डग'वर देतो किंवा 'ब्रॉख्त'वर देतो, त्यावरून कळतं. कागदावर जोर दिसत नाही. म्हणून मागचं वाक्य बघायचं: त्यात काय आधीच सांगून झालंय? आधी दुसरी माणसं आली असतील तर 'तिनेपण'. आधी दुसरं सामान आलं असेल तर 'कुत्रापण'. आमच्याकडे अनुवाद तपासताना मागचं एक वाक्य सोबत मागतात ते यासाठीच.

विरामचिन्हानेही अर्थ फिरतो. 'शी ब्रॉख्त द डग. द कॅट अन् ऑ.' म्हणजे 'कुत्रा आणला. मांजरपण.' तेच पूर्णविराम काढून 'द डग, द कॅट अन् ऑ' केलं तर 'कुत्रा, मांजर, सगळं लटांबर' असाही अर्थ निघतो.

काजवा

अगदी हाच माझा तिसरा प्रश्न. 'लटांबर'वाला अर्थ वेगळा आहे ना?

गडबडगुंडा

वेगळा आहे. याचे वापर ढोबळमानाने तीन.

पहिला, 'पण/ही/सुद्धा'. 'आ केन दॅट अन् ऑ': मला तेही माहितीये. 'मी अन् ऑ': मीपण. प्रश्नात चालतो ('अर यी कमिन अन् ऑ?'), आज्ञेत चालतो ('गीज दॅट अन् ऑ', तेपण दे इकडे).

दुसरा, 'सकट'. 'ही एट द फिश, बेन्स अन् ऑ.' शब्दशः 'हाडं आणि सगळं'. मराठीत: मासा काट्यांसकट खाल्ला. इथे 'काटेसुद्धा खाल्ले' चालतं, पण जोर जातो. 'सकट' हाच शब्द. आणि कृपा करून माशाची 'हाडं' लिहू नका.

तिसरा सगळ्यात मजेदार. 'अन् हिम अ मिनिस्टर अन् ऑ!' इथला मिनिस्टर मंत्री नव्हे, चर्चचा पाद्री. अर्थ: आणि म्हणे पाद्री! किंवा: आणि तोही पाद्री असून! माणसाचं पद आणि त्याचं वागणं यांतली विसंगती दाखवायला हे शेपूट. इथे 'सुद्धा' लिहिलंत की संपलं, 'तो पाद्रीसुद्धा आहे' ही निव्वळ माहिती होते आणि टोमणा गायब.

शेवग्याची शेंग

दुसऱ्या वापराबद्दल एक इशारा. आपल्याकडच्या इंग्रजीत 'पार्टी अँड ऑल', 'फॉर्म अँड ऑल' चालतं ना, ते आपल्या 'वगैरे'चं भाषांतर आहे. त्यात 'असलं काहीतरी, तपशील महत्त्वाचा नाही' असा ढिलेपणा असतो. स्कॉट्समध्ये 'बेन्स अन् ऑ' म्हणणारा ढिला नसतो, तो 'काहीही न सोडता' म्हणतोय. म्हणून 'काटेबिटे खाल्ले' हे भाषांतर चुकीचं. कानाला ओळखीचं वाटतं म्हणून हात आपोआप 'वगैरे'कडे जातो, तेवढा आवरा.

खारूताई

नकारातही जपून. मराठीत 'मीपण येतो' आणि 'मीपण येत नाही', दोन्हीकडे 'पण' चालतो. स्कॉट्समध्ये कोणी 'मी नाही जात' म्हटलं तर त्याला 'मीपण नाही' असं उत्तर 'मी नेदर' किंवा 'नॉर मी' असं येतं. 'मी अन् ऑ' हे होकाराला होकार. मराठीतून स्कॉट्समध्ये लिहिणाऱ्यांची ही हमखास चूक.

काजवा

मग 'मी अन् ऑ'ला 'मी बी' केलं तर? बोलीचा वास राहील. 'मी बी येतो' म्हटलं की पात्र डोळ्यापुढे उभं राहतं.

उंबरठा

उभं राहतं, पण भलतंच. 'बी' म्हटलं की मराठी वाचकाला धोतर आणि बांध दिसतो. 'अन् ऑ' ग्लासगोच्या बसमध्ये, ऑफिसात, शाळेच्या फाटकाशी तितकाच रोजचा आहे. त्यात अनौपचारिकपणा आहे, ग्रामीणपणा नाही. 'मीपण' हाच त्याचा खरा जोडीदार, 'मीदेखील' नको आणि 'मी बी'ही नको.

शेवग्याची शेंग

अर्धा सहमत. कथा अ‍ॅबर्डीनशायरच्या शेतावरची असेल, सगळी पात्रं डोरिक बोलत असतील आणि अनुवादाला एकच मराठी बोली नेटाने वापरली असेल, तर 'बी' का नको? आक्षेप असावा तो प्रमाण मराठीत मध्येच एक 'बी' पेरण्यावर. तो मीठ विसरलेल्या भाजीवर वरून लोणचं वाढल्यासारखा लागतो.

उंबरठा

पूर्ण संवाद एका बोलीत असेल तर माझी हरकत नाही. पण मग डोरिकमधला दुसरा शब्दही सांभाळा: 'मी टी'. तिकडे 'टी' म्हणजे 'सुद्धा', चहा नव्हे. मध्य भागात तोच 'टे' होतो, आणि 'टे' म्हणजे 'कडे', 'टे' म्हणजे पायाचं बोटही. स्पेलिंग तिन्हींचं टी-ए-ई. त्या मानाने आपला 'अन् ऑ' गरीब गाय.

काजवा

दोन-ए वाली कथा पुन्हा काढून पाहिली. 'फिट' आणि 'फार' दोन्ही आहेत, म्हणजे लेखक ईशान्येचाच. पाद्रीचं वाक्यही त्याच कथेत आहे आणि मी तिथे खरंच 'सुद्धा' लिहून ठेवलं होतं. 'आणि म्हणे पाद्री!' करतोय.

एकच राहिलं. तळटीपेत मूळ शब्द देवनागरीत द्यायचा तर 'ॲन ऑ' की 'अन् ऑ'?

टिंबटिंब

'अन्'. तिथला स्वर आखूड आणि बिनजोराचा आहे, 'ॲ' केलात तर इंग्रजी 'अँड' वाचलं जाईल. सगळा जोर 'ऑ'वर. आणि आपल्याकडे 'आणि'ला आधीच 'अन्' म्हणतात, तेव्हा वाचकाला अर्धा अर्थ फुकटच मिळतो. त्या कथेसाठी मात्र 'अन् आ' लिहा, माणूस अ‍ॅबर्डीनकडचा आहे.